झायमोसॅनची साठ वर्षे

पाव फुगवणाऱ्या यीस्टची, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीची, पेशीभित्तिका प्रामुख्याने तीन घटकांची असते : भित्तिकेला बळकटी देणारे, ग्लुकोजच्या साखळ्यांचे बीटा-ग्लुकन, त्याला बाहेरून झाकणारी मॅनोजयुक्त प्रथिने आणि अल्पसे कायटिन. बीटा-ग्लुकन मानवी शरीरात तयार होत नाही, त्यामुळे ते परक्या पेशीची खात्रीची खूण ठरते; परंतु शरीर ही खूण नेमकी कशी ओळखते, हे कळण्यास सहा दशके लागली.

या शोधाचा धागा क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठापासून धरता येतो. तेथे लुई पिलेमर आणि एनरिके एकर यांनी १९४१ मध्ये यीस्टच्या भित्तिकेपासून काढलेल्या अविद्राव्य पदार्थाचे वर्णन केले. झायमोसॅन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा पदार्थ रक्तद्रवातील पूरक प्रथिनांपैकी (जंतूंना चिकटून त्यांचा नाश घडवणाऱ्या प्रथिनसमूहापैकी) तिसरा घटक निष्प्रभ करीत असे. पिलेमर यांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, हे ३७ अंश सेल्सियसला घडते, १७ अंशांना घडत नाही. मात्र १७ अंशांना झायमोसॅनबरोबर ठेवून ते काढून टाकलेल्या रक्तद्रवात नवे झायमोसॅन घालून तापमान ३७ अंशांवर नेले, तरीही तिसरा घटक शाबूतच राहतो. याचा अर्थ, थंड अवस्थेत झायमोसॅनने रक्तद्रवातील आणखी काहीतरी आवश्यक असे स्वतःला चिकटवून घेतले होते. या प्रथिनाला त्यांनी प्रॉपर्डिन म्हटले आणि प्रतिपिंडांवाचूनही पूरक प्रथिने जागृत होऊ शकतात, असे १९५४ मध्ये मांडले.

त्या काळी हे विधान धाडसाचे होते. पिलेमर १९५७ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट नेल्सन यांनी, हा सारा परिणाम रक्तात निसर्गतः असणाऱ्या, झायमोसॅनविरोधी प्रतिपिंडांचा असू शकतो, असा आक्षेप घेतला. तत्कालीन शुद्धीकरणाच्या मर्यादा पाहता हा आक्षेप अवाजवी म्हणता येत नाही. तथापि त्यामुळे एक योग्य कल्पना दशकभर अडगळीत पडली, ही प्रतिकारशास्त्राची मोठी हानी होय. पुढे प्रॉपर्डिन शुद्ध स्वरूपात हाती आले आणि १९७० च्या दशकात प्रतिपिंडांवाचून पूरक प्रथिने जागृत होण्याचा हा पर्यायी मार्ग सर्वमान्य झाला, तेव्हा पिलेमर यांना न्याय मिळाला.

दरम्यान भक्षक पेशींना चेतवणारा झायमोसॅनमधील अंश ग्लुकन असल्याचे निकोलस डिलुझिओ यांच्या गटाने १९६१ मध्ये दाखवले होते, आणि १९८५ मध्ये जॉइस झोप व फ्रँक ऑस्टिन यांनी मानवी पेशींवर ग्लुकनचा ग्राही, म्हणजे त्याला पकडणारे प्रथिन, असल्याचे पुरावे दिले. हा ग्राही डेक्टिन-१ असल्याचे ऑक्सफर्ड येथे गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ मध्ये निश्चित केले. झायमोसॅन हे मिश्रण असल्याने गोंधळही झाला : त्याचा दाहकारक परिणाम आधी टोल-सदृश ग्राही २ या दुसऱ्याच प्रथिनाच्या नावे मांडला गेला होता, आणि दोन्ही ग्राही मिळून काम करतात, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले.

यीस्टही निमूटपणे ओळखू येत नाही. कँडिडा या रोगकारक यीस्टच्या अंगावरील मॅनन खालच्या ग्लुकनला झाकते, आणि कन्यापेशी अलग झाल्यावर उरणाऱ्या व्रणापाशीच ते उघडे पडते. डेक्टिन-१ चे महत्त्व माणसातही सिद्ध झाले आहे; २००९ मध्ये वर्णिलेल्या एका डच कुटुंबात या ग्राहीतील दोषामुळे कँडिडाचा त्रास वारंवार होत असल्याचे आढळले.

व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निष्कर्ष मात्र २०११ मधील आहे. कणरूप ग्लुकनला पेशी भिडते तेव्हा संपर्काच्या जागेवरून संदेश दाबून ठेवणारी प्रथिने बाजूला सारली जातात आणि डेक्टिन-१ चा संदेश आत पोहोचतो. विरघळलेले ग्लुकन त्याच ग्राहीला चिकटूनही तो पोहोचवू शकत नाही. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर नुसते ‘बीटा-ग्लुकन’ असे छापलेले असेल, तर त्यावरून पेशी जागृत होतील असा निष्कर्ष वाचकाने काढू नये.