शेवळं आली की काकडंही घ्या!
ठाण्यात मानपाड्याच्या टॉवरांमागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल सुरू होतं. इथल्या नव्या रहिवाशांना मात्र अशा रानात उगवणारी शेवळं ठाऊक नसतात. जूनच्या पहिल्या सरींबरोबर आदिवासी बायका ह्या जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या बाजारात आणतात. सुरणाच्या कुळातली ही रानभाजी; कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घशाला खाजते. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा. विकणारी बाई काकडं सोबतच देते, नाही दिली तर मागून घ्या. सीकेपी घरांत ही भाजी कोलंबी घालून करतात. माझ्या मते तीच खरी! हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. कंद जमिनीतच राहू दिला, तरच पुढच्या पावसात कोंब फुटतो. आणि हो, कृपया घासाघीस करू नका.