गंगासागरकाठचा मुक्काम

रायगडावर रात्र काढायची म्हटली की महाडच्या एसटी स्थानकापासूनच एक चौकशी सुरू होते : वर सोय आहे का? उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. गादी-उशी, चोवीस तास गरम पाणी आणि सकाळी दारात नाश्ता हवा असेल तर त्याने पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून सरळ महाबळेश्वर गाठावं. डोक्यावर छप्पर, अंथरायला सतरंजी, पोटाला पिठलं-भाकरी आणि दाराबाहेर साडेतीनशे वर्षांचं तळं एवढ्यावर ज्याचं भागतं, त्याची सोय गडावर आहे.

हत्ती तलावाच्या अंगाने पुढे गेलं की रायगड जिल्हा परिषदेच्या धर्मशाळेच्या इमारती लागतात. तिथून दक्षिणेला पन्नास-साठ पावलं टाकली की गंगासागर. पलीकडच्या काठाला दोन मनोरे उभे आहेत. गडावरची माणसं त्यांना नुसतं ‘स्तंभ’ म्हणतात. बारा कोनांचे, नक्षीचे, आणि एकेकाळी पाच मजली होते असं सांगितलं जातं. आज निम्म्याहून अधिक ढासळलेले असूनही संध्याकाळी त्यांची सावली पाण्यावर पडते तेव्हा धर्मशाळेच्या पायरीवर बसलेला माणूस मोबाइल खाली ठेवतो. धर्मशाळा म्हणजे साधं सरकारी बांधकाम. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. तिची सगळी श्रीमंती तिच्या समोरच्या पाण्यात आहे.

हे पाणी तिथे आपोआप आलेलं नाही. रायगड हा मूळचा रायरीचा डोंगर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच, काळ आणि गांधारी नद्यांच्या बेचक्यात उभा. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून तो घेतला आणि पुढे हिरोजी इंदुलकरांकडून त्यावर राजधानी उभारून घेतली. वाडे, सदर, बाजारपेठ यांना लागणारा दगड पायथ्यापासून वर चढवायचा म्हणजे खर्च आणि दमछाक दोन्ही. म्हणून दगड गडावरच फोडला गेला आणि त्या खाणींची तळी झाली. एकाच घावात दोन कामं : वर भिंत चढली, खाली पाणी साठलं. राज्याभिषेकासाठी आणलेली नद्यांची आणि समुद्रांची तीर्थं पुढे या तळ्यात सोडली आणि त्याला गंगासागर नाव मिळालं, अशी परंपरा आहे. नाव पवित्र असलं तरी काम रोजचं होतं. गडावरच्या शिबंदीला इथलंच पाणी लागे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ला बांधण्याच्या प्रकरणात आधी पाणी बघायला सांगितलं आहे. पाणी नसेल आणि जागा सोडणं शक्य नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठ्याची दोन-चार टाकी वेगळी ठेवावीत. हा सगळा शहाणपणा रायगडावर आधीच दगडात उतरलेला दिसतो. गडावर अकरा तळी आणि चौऱ्याऐंशी टाकी असल्याचं सांगतात. जगदीश्वराच्या मंदिरातला शिलालेख गडाच्या बांधकामाचं वर्णन करतो तेव्हा विहिरी आणि तळी पहिल्यांदा येतात; स्तंभ, गजशाळा आणि आकाशाला भिडणारे राजवाडे त्यांच्या मागून. ज्याने हे सगळं उभं केलं त्याचा अग्रक्रम त्या यादीत स्पष्ट आहे.

बाहेरून येऊन गडावर राहिलेल्या पाहुण्यांत सगळ्यात गाजलेला हेन्री ऑक्झिंडन. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १६७४ च्या मे महिन्यात मुंबईहून तहाच्या बोलण्यांसाठी पाठवलं. तो पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते. काही दिवस पायथ्याशी थांबून मग त्याला वर यायची परवानगी मिळाली आणि राहायला एक घर दिलं गेलं, राजवाड्यापासून साधारण मैलभर लांब. राजधानीत लाखाची लगबग चाललेली, ६ जूनचा मुहूर्त तोंडावर आलेला, आणि तरी परक्या वकिलाला स्वतंत्र घर! ते पाहून त्याला हायसं वाटल्याचं त्याच्या नोंदींतून दिसतं. राज्याभिषेकाच्या दिवशी दरबाराच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि उमदे घोडे उभे पाहून तो चक्रावला. इतक्या बिकट वाटेने ही जनावरं वर आणली कशी, हे त्याला कळेना. आजही महादरवाजापाशी धापा टाकत बसलेली माणसं एकमेकांना हाच प्रश्न विचारतात.

त्या मुक्कामातली एक गोष्ट जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. वकिलाच्या मंडळींना मांस पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. कैक वर्षांत खपलं नसेल एवढं बकऱ्याचं मांस या मूठभर लोकांनी थोड्या दिवसांत फस्त केलं. असली गिऱ्हाइकं दिसतात तरी कशी, हे पाहायला तो म्हातारा गड चढून वर आला. राज्याभिषेकाचा सोहळा पाहायला मुलूख लोटला होता. हा गृहस्थ मात्र पाहुण्यांचं तोंड बघायला आला.

गडाची हवा सगळ्यांना मानवत नव्हती. उतारवयात जिजाऊसाहेबांना वरचा गारठा आणि वारा सोसेना, म्हणून महाराजांनी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ ला, तिथेच त्यांनी देह ठेवला. वाड्याची जोती, विहीर आणि समाधी आज रस्त्याच्या कडेलाच आहेत. मुक्कामाचं सामान भरताना ही हकिगत आठवावी. खाली महाडात घाम पुसत निघालेला माणूस रात्री वर कानटोपी शोधत असतो.

मग ते वाडे, ती घरं गेली कुठे? मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. गडावर तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणशीबाई होत्या. गोळ्यांनी आग लागली आणि लाकूड, कौल, चौकट जे जे होतं ते सगळं जळलं. किल्लेदाराने गड खाली केला. उरलं ते दगडाचं. म्हणून आज राजवाड्यात फिरताना फक्त जोती दिसतात आणि बाजारपेठेच्या दोन रांगांत चौथरे तेवढे उभे आहेत. पाण्याला आग लागत नाही. गंगासागर तसाच राहिला.

यानंतर कित्येक वर्षं रायगडावर छप्पर म्हणावं असं फारसं काही नव्हतं. वर जाणारी माणसंही विरळच. जेम्स डग्लसने १८८३ मध्ये ‘बुक ऑफ बॉम्बे’त महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं, ते इथल्या सुशिक्षितांना झोंबलं. १८९५ मध्ये पुण्यात हिराबागेत सभा झाली, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधीची हाक दिली, पुढच्या वर्षी गडावर उत्सव भरला. १९२० च्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार झाला. उत्सव आले म्हणजे माणसं आली, माणसं आली म्हणजे रात्र आली. त्यानंतरच्या काळात गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमींनी रायगडाच्या इतक्या वाऱ्या केल्या आणि त्याबद्दल इतकं लिहिलं की, गडावर जाऊन मुक्काम करणं हा मराठी घरांत एक संस्कारच होऊन बसला. शाळेच्या सहली, गिर्यारोहण संघ, एकट्याने भटकणारे लोक असे सगळे धर्मशाळेच्या एकाच फरशीवर झोपून गेले आहेत.

१९९६ मध्ये हिरकणीवाडीतून रज्जुमार्ग सुरू झाला आणि गडाची वेळ बदलली. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आणि दीड-दोन तासांची चढण एका पाळण्यातल्या चार-पाच मिनिटांवर आली. गुडघे दुखणाऱ्या आजी पहिल्यांदा समाधीपर्यंत पोहोचल्या, हे या पाळण्याचं पुण्य. पण त्याच पाळण्याने मुक्काम कमी केला. दुपारी वर, संध्याकाळी खाली, रात्री हॉटेलात, असा बेत सोपा झाला. रज्जुमार्गवाल्यांनी वरच्या टोकाला राहायच्या खोल्या केल्या आहेत. कुटुंबाला घेऊन येणाऱ्याला त्या बऱ्या. गंगासागरच्या काठाला झोपणारा गडी मात्र अजूनही बहुतेक वेळा चित दरवाजातून पायी आलेला असतो.

तिसरी सोय जुनी आहे आणि कुठल्याही कार्यालयात नोंदवलेली नाही. गडावर धनगरांची थोडी घरं आहेत. हिरकणीची गोष्ट खरी किती आणि रचलेली किती याचा वाद इतिहासकार घालोत. गडावर दूध-दुभतं करून राहणारी माणसं मात्र डोळ्यांपुढे आहेत. दिवसा ती ताक, दही, लिंबू सरबत विकतात, सांगितलं तर रात्रीचं जेवण करून देतात. शेणाने सारवलेली जमीन, चुलीवरचा तवा, बाजूला कांदा ठेचायला पाटा. तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने फिरते, तव्यावर पडते, उलटते, आणि मग निखाऱ्याला टेकून फुगते. पिठलं पातळ असतं, मिरची तिखट. पाहुणा चौथी भाकरी मागतो. या घरांत आगाऊ पैसे भरायचं संकेतस्थळ वगैरे प्रकार नाही. वर आल्याआल्या किती माणसं जेवणार ते सांगायचं, एवढाच नियम. पीठ, गॅस, किराणा सगळं पाठीवरून किंवा पाळण्यातून वर येतं, तेव्हा भाव करताना जीभ जरा आवरावी.

रात्रीचा खरा लाभ पहाटे मिळतो. खालून येणारी गर्दी वर पोहोचायच्या आधी, नगारखान्यासमोर उभं राहिलं तर होळीच्या माळावर चिटपाखरू नसतं. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला लिंगाण्याचा सुळका, त्यामागे राजगड आणि तोरणा एका नजरेत येतात. जुनी राजधानी नव्या राजधानीतून दिसते. दुपारी दोनच्या उन्हात, मागे पन्नास माणसांचा सेल्फी चाललेला असताना, हे कळत नाही.

ऋतू बघूनच बेत करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ६ जूनला तारखेने आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीने राज्याभिषेकाचा सोहळा होतो, तेव्हा गडावर अंग टेकायला जागा मिळत नाही. लोक बाजारपेठेच्या चौथऱ्यांवर रात्र काढतात आणि त्यात कुणाची तक्रार नसते. पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं आणि तळियेवर डोंगर कोसळला, तो हाच तालुका. जुलै २०२४ मध्ये गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे धावले, पर्यटक अडकले आणि प्रशासनाला पायवाट बंद ठेवावी लागली. चार महिने धुक्यात रायगड देखणा दिसतो हे खरं, पण तो लांबून बघावा. मुक्कामाची परवानगी, खोल्यांचा ताबा, पाळण्याच्या वेळा अधूनमधून बदलतात. महाड सोडण्याआधी फोन करून घेतलेला बरा.

साधेपणा आणि गैरसोय यांत फरक आहे आणि धर्मशाळेच्या बाबतीत तो बरेचदा विसरला जातो. नॉर्वेत १८६८ पासून पर्यटक संघटना डोंगरांत झोपड्या चालवते. त्यांतल्या कित्येक ठिकाणी राखणदारही नसतो. सभासदाकडे एक सामाईक किल्ली, आत बिछाना, चुलीला लाकूड, फडताळात डबाबंद जेवण. जे खाल्लं ते वहीत लिहायचं आणि पैसे भरायचे. निघताना जमीन पाहुण्यानेच झाडायची. ऐषआराम शून्य, पण छप्पर गळत नाही आणि शौचकूप स्वच्छ. आपल्याकडे चर्चा एकदम ‘रिसॉर्ट’वर उडी मारते. महाबळेश्वरला ते शोभतं. तिथलं वेण्णा तळं १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांच्या काळात झालं, आणि गाव आधीपासूनच गोऱ्या साहेबांच्या हवापालटासाठी वसलेलं. रायगडाची जात वेगळी आहे.

शिवाय इथे फार काही बांधताही येत नाही. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीचा पट्टा, असा कायदा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आहे. म्हणजे डोळे आणखी वाढले. रायगड विकास प्राधिकरणाच्या कामांपैकी सगळ्यात शहाणं काम कोणतं म्हणाल तर हत्ती तलावाची गळती बंद करणं. वर्षानुवर्षं कोरडा पडणारा तो तलाव दुरुस्तीनंतर पुन्हा भरला आणि लोक नुसतं पाणी बघायला वर गेले. त्याच न्यायाने धर्मशाळेला संगमरवर नको. पाच स्वच्छ शौचालयं, पावसाचं पाणी साठवायची टाकी, कचरा रोज खाली नेणारा माणूस आणि कुणाची कोणती रात्र आहे हे नीट लिहिणारी एक वही, एवढं झालं तरी पुरे. जेवणाची काळजी जिल्हा परिषदेने करू नये. चौथी भाकरी वाढायला धनगरांच्या घरातली माणसं समर्थ आहेत.