मेट्रोचा नकाशा आणि तोरणमाळचा घाट

पुणे मेट्रोचा नकाशा समोर घ्या आणि अंतरं विसरा. स्थानक म्हणजे बिंदू, मधला रूळ म्हणजे रेघ. पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात दोन मार्गांवर 14 आणि 16 स्थानकं. जिल्हा न्यायालय दोन्हींत, म्हणून बिंदू 29, रेघा 28. एक रेघ कमी, म्हणजे वळसा घालून जायला वाटच नाही. शहाद्याहून तोरणमाळला चढताना घाटात दरड आली की अडकतो ना आपण, तसंच!

न्यायालयाभोवती चार फांद्या: 10, 3, 8, 7 स्थानकं. ते बंद पडलं तर उरलेल्या स्थानकांच्या 378 जोड्यांपैकी 281 तुटतात. (करून बघा, अकरावीचं गणित आहे.) मंडई बंद पडली तर तुटतात फक्त 27, तिथं गर्दी कितीही असो. म्हणून गर्दी मोजायची की जोड्या, हे आधी ठरवा. हिंजवडीचा तिसरा मार्गही न्यायालयापाशीच येऊन संपतो. आता 281 चा आकडा किती वाढेल?