पाणी ढकलायचं, ढवळायचं नाही

जव्हार तालुक्यातल्या जामसरला पहिला जोराचा पाऊस झाला की भातखाचरांत बेडकांचं राज्य सुरू होतं. बेडूक पाय मागे झाडतो तेव्हा बोटांमधला पडदा पूर्ण ताणला जातो. पाय पोटाशी ओढताना तोच पडदा मिटतो. ढकलताना पंजा मोठा, परतताना लहान. पाणबुडे पायात जे फिन घालतात, त्यांच्या रचनेतला मूळ प्रश्न हाच आहे: हवं तेव्हा पाणी पकडायचं आणि नको तेव्हा सोडून द्यायचं.

बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातांसाठी लाकडी फळ्या केल्या होत्या. वेग वाढला, पण मनगटं दमली. पायांसाठीही त्याने तसलाच प्रकार करून पाहिला. तो मनासारखा जमला नाही. पुढे लुई द कॉर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने 1933 साली रबरी फिनचं पेटंट घेतलं. त्याच्याकडून परवाना घेऊन अमेरिकेचा शिडाच्या होड्यांचा ऑलिम्पिक विजेता ओवेन चर्चिल याने 1940 मध्ये फिन बाजारात आणले आणि दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या पाणबुड्यांच्या पायांत गेले.

फिनमुळे नेमकं काय होतं? पाणी मागे ढकललं की आपण पुढे जातो. तेवढंच पाणी दुप्पट वेगाने फेकलं तर रेटा दुप्पट मिळतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणं परवडतं. उघडा तळवा लहान, त्यामुळे पाय भराभर मारावे लागतात आणि श्रमाचा मोठा भाग पाणी ढवळण्यात जातो. पाओला झांपारो आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, त्याच वेगाने पोहताना फिनमुळे ऊर्जेचा खर्च सुमारे 40 टक्क्यांनी घटलेला दिसला. सिलिंडर पाठीवर घेऊन उतरणाऱ्यासाठी ऊर्जेची बचत म्हणजे हवेची बचत.

मग फिन लांबच लांब का करू नयेत? कारण पातं जितकं लांब, तितका घोट्यावर आणि पोटरीवर ताण. पेटके येतात ते त्यामुळेच. शिवाय माणूस पाय वर-खाली मारतो, त्यामुळे पातं दोन्ही दिशांना योग्य तेवढं वाकावं लागतं. फार कडक असेल तर पाणी मागे न जाता नुसतं वर-खाली होतं. फार मऊ असेल तर पातं लोळतं आणि रेटाच मिळत नाही. म्हणून चांगलं पातं पायाजवळ कडक आणि टोकाकडे लवचीक असतं. पाणी बाजूने निसटू नये म्हणून त्याला उभ्या कडा देतात. 1964 मध्ये जॉर्ज बुशाच्या फ्रेंच कंपनीने ‘जेटफिन’ आणले. त्यांत पायाच्या खोबणीपुढे झरोके ठेवले होते, कारण तिथलं पातं रेटा कमी देतं आणि अडथळा जास्त करतं. पुढे मधोमध चिरलेले दुभंगी फिनही आले. ते पायाला हलके वाटतात, पण मागे सरकायचं किंवा जागच्या जागी वळायचं म्हटलं की त्यांची पकड सुटते.

इथे वेग आणि नियंत्रण यांचे रस्ते वेगळे होतात. दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात बांधणाऱ्या मोनोफिनने 50 मीटर अंतर 15 सेकंदांच्या आसपास कापता येतं. फिनशिवायच्या विश्वविक्रमी पोहणाऱ्यालाही त्यासाठी सुमारे 20 सेकंद लागतात. पण मोनोफिन घालून कुणी बुडालेलं माणूस शोधायला जात नाही.

मोखाडा तालुक्यातलं कोचाळ्याचं मध्य वैतरणा धरण शंभर मीटरहून उंच आहे. असल्या धरणांच्या साठ्यांत, पावसाळी नद्यांत आणि डोहांत तळाशी गाळ असतो. वर-खाली पाय मारणाऱ्याने खाली फेकलेलं पाणी तो गाळ उठवतं आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. अशा ठिकाणी गुडघे वाकवून, पाणी मागे आणि बाजूला लोटणारी बेडूकचाल लागते. तिला आखूड, रुंद, कडक पातं हवं. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीच्या जेटफिनची घडण अवघड जागी उतरणारे पाणबुडे अजून सोडत नाहीत. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात मासे पाहायला उतरलेल्या पर्यटकाला मात्र हलके, मऊ फिनच सोयीचे.

पात्यावर एवढा विचार झाला, पण पाय जिथे बसतो ती खोबण मागे राहिली. ती सैल असेल तर प्रत्येक फटक्याचा काही भाग फिन हलवण्यात वाया जातो. आवळ असेल तर बोटं बधिर होतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय पादत्राणं वापरणाऱ्यांपेक्षा तुलनेने रुंद आढळले. ओढ्या-डोहांत पोहायला शिकलेल्या जव्हार-मोखाड्याच्या तरुणांना बचावकार्यासाठी तयार करायचं, तर सपातांसारख्या अरुंद साच्याचे फिन त्यांच्या हाती देऊन भागणार नाही. रुंद खोबण, आखूड कडक पातं आणि ओल्या हातांनीही चटकन ओढता येईल असा टाचेचा पट्टा, एवढ्या तीन गोष्टी साधल्या तरी गढूळ पाण्यासाठी पुरेसा चांगला फिन तयार होईल. त्याला कुठलंही नवं शास्त्र लागत नाही. लागतं ते पाण्यात उतरणाऱ्यांच्या पायांचं माप.