डाग आणि त्याचा उपाय

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पितळ हवेने काळवंडते. परंतु चिंचेने घासताच तिच्यातील आम्ल तो काळा थर विरघळविते व भांडे पुन्हा झळकू लागते. प्लॅस्टिकच्या डब्याला लागलेला हळदीचा डाग मात्र चिंचेला दाद देत नाही. असे का व्हावे? हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. तो तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकमध्ये मुरतो. राखेने घासल्यास डब्यावर ओरखडे पडतात व त्यांत डाग अधिकच रुततो. तोच डबा साबणाने धुऊन उन्हात ठेवावा. सूर्यप्रकाशाने तो रंग हळूहळू उडून जातो. म्हणून आधी डागाचे कारण ओळखावे, मगच उपाय योजावा.