जोडी जमली पाहिजे!

मुलांनो, ऊस भरलेली बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. एका बाजूला दांडगा खिलार आणि दुसऱ्या बाजूला कोवळा खोंड जुंपला तर? गाडी खोंडाच्याच चालीनं जाणार! सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, तोही एका अजस्र प्रोसेसरवर नव्हे. त्यात ६४ ट्रान्सप्युटर एकत्र जुंपले होते.

खेळांसाठी सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवतानाही जोडीच बघायची. खेळातलं चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. शत्रू कुठून येणार, चेंडू कुठं पडणार, हा हिशेब करतो प्रोसेसर. बरीच मुलं बाबांच्या मागे लागून सगळे पैसे कार्डावरच घालतात. मग साधा प्रोसेसर मागं पडतो आणि ते महागडं कार्ड नुसतं वाट बघत बसतं!

आता पडद्याचं गणित करू. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोब्बर चौपट! तेवढं कार्डाचं काम वाढलं. शिवाय ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डानं १५० चित्रं काढली तरी बघणार कोण? म्हणून आधी पडदा ठरवा, मग कार्ड.

पालकांनो, पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. कार्ड २०० वॉट, प्रोसेसर १०० आणि बाकीचं ५० धरलं, तर चांगल्या बनावटीचा ५५० वॉटचा घ्यावा.