टाळेबंदी किती लवकर उठवावी?

एखाद्या साथीच्या रोगावर लस उपलब्ध नसते, तेव्हा माणसामाणसांतील संपर्क कमी करणे हाच संसर्ग रोखण्याचा प्रमुख मार्ग उरतो. कोविड-१९ च्या साथीत भारत सरकारने हाच मार्ग स्वीकारला आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू केली. टाळेबंदी काही तासांत लागू झाली. ती उठवण्याचा निर्णय मात्र तितका सोपा नव्हता. राजधानी दिल्लीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला.

या वादाला दोन बाजू होत्या. निर्बंध घाईने सैल केल्यास रुग्ण वाढतील आणि रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडतील, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू पोटापाण्याची होती. रोजंदारीवर जगणाऱ्यांची मिळकत पहिल्याच दिवशी थांबली. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या आनंद विहार बस स्थानकावर गावी परतू पाहणाऱ्या हजारो मजुरांची गर्दी उसळली. ज्याच्या घरी धान्याचा साठा आहे त्याची टाळेबंदी आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याची टाळेबंदी एकसारखी नव्हती.

सरकारी तिजोरीलाही झळ बसली. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली सरकारला सुमारे ३,५०० कोटी रुपयांचा महसूल मिळाला होता. एप्रिल २०२० मध्ये तो ३०० कोटींवर आला. आता विषाणूसह जगण्याची सवय करावी लागेल, अशी भूमिका मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी मे महिन्याच्या आरंभी मांडली. कोणत्या सवलती द्याव्यात, याविषयी सरकारने नागरिकांकडून सूचना मागवल्या. पाच लाखांहून अधिक सूचना आल्या.

दिल्लीची आणखी एक अडचण होती. नोएडा व गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर गुरुग्राम व फरिदाबाद हरियाणात येतात. राहायचे एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात, असे येथील असंख्य लोकांचे जीवन आहे. शेजारील राज्यांनी सीमांवर निर्बंध घातले. १ जून २०२० रोजी दिल्लीनेही आठवडाभरासाठी सीमा बंद केल्या. एका बाजूस दुकाने उघडली, परंतु दुकानात पोहोचण्याचा रस्ताच अडला. अखेर ४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण राजधानी क्षेत्रासाठी प्रवासाचे समान धोरण ठरवण्यास सांगितले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. दिल्लीत शंभर चाचण्यांमागे बाधितांचे प्रमाण ३६ पर्यंत गेले आणि १९ एप्रिलच्या रात्रीपासून पुन्हा टाळेबंदी लागू झाली. मे अखेरीस हे प्रमाण दीडच्या आसपास उतरले. तेव्हा निर्बंध टप्प्याटप्प्याने हटवण्यात आले. ३१ मेपासून प्रथम बांधकामे व कारखाने सुरू झाले, कारण मजुरांची गरज सर्वांत निकडीची होती. ७ जूनपासून बाजारातील दुकाने सम-विषम पद्धतीने उघडली आणि मेट्रो निम्म्या प्रवासी क्षमतेने धावू लागली. १४ जूनपासून सर्व दिवशी दुकाने उघडण्याची मुभा मिळाली. बाजारांत लगेच गर्दी झाली; त्याची दखल दिल्ली उच्च न्यायालयाने १८ जून रोजी स्वतःहून घेतली.

टप्प्यांची ही पद्धत का आवश्यक ठरते? विषाणूचा संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसण्यास १४ दिवसांपर्यंत अवधी लागू शकतो. म्हणून आज दिलेल्या सवलतीचा परिणाम आज दिसत नाही. सर्व सवलती एकदम दिल्या, तर रुग्णवाढ कशामुळे झाली हे कळत नाही आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन टप्प्यांमध्ये अंतर ठेवल्यास चूक वेळीच लक्षात येते.

जीव वाचवणे आणि जीविका वाचवणे ही दोन्ही कर्तव्येच आहेत. म्हणूनच टाळेबंदी कधी उठवावी याबरोबरच, ती प्रथम कोणासाठी उठवावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.